कॅप्टनचे राहिलेले तास

आमच्या गावात नवा पाव्हणा आला की लोक पहिलं आमच्या घराकडं बोट करतेत. त्या घरातलं पोरगं विमान चालवतंय, म्हणतेत. पाव्हणा लगेच मान वर करून आभाळात बघतो, गहिना तिथंच कुठंतरी घिरट्या घालत असल्यावानी. मला लई राग येतो. विमान म्हंजे ट्रॅक्टर हाय का, शिकलं, बसलं अन् निघालं? त्याच्या मागं काय काय असतंय ते कुणाला ठावं न्हाई अन् कुणी इचारीत बी न्हाई. म्हणून मीच सांगते. माझं तोंड जरा फटकळ हाय, तेवढं पोटात घाला.

मी शिवकन्या. गहिनीनाथ माझा धाकटा भाऊ, घरात गहिना. मला दिलंय युसूफ वडगावला, पण माहेर चौसाळ्याजवळचं. दसरा झाला की आमचं अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघतंय. आमच्यावर ती पाळी आली न्हाई, कारण आमचे आण्णा, त्रिंबक त्यांचं नाव, सहकारी साखर कारखान्यात डायवर होते. चेअरमनची जीप त्यांच्याकडं. आण्णा म्हणायचे, गाडी चालवणाऱ्याला डोळे असतेत, कान नसतेत. मागच्या शिटावर कुणाला निवडून आणायचं, कुणाला पाडायचं हे सगळं ठरायचं, पण आण्णांनी त्यातला शब्द मायला सुद्धा कधी सांगितला न्हाई. माय खोदून खोदून इचारायची, आण्णा निवांत सुपारी कातरत बसायचे.

गहिनाच्या डोक्यात विमान शिरलं ते बी आण्णांच्या जीपमधूनच. एका वर्षी कारखान्यात हंगामाची पहिली मोळी टाकायला मुंबईचा कुणी मंत्री हेलिकॉप्टरनं आलता. मंत्री स्टेजवर, हार-तुरे सुरू, अन् हेलिकॉप्टरचा पायलट एकटाच उन्हात उभा. त्याला कुणी पाणी सुद्धा इचारीना. आण्णांना डायवरचं दुःख कळतंय. त्यांनी त्याला जीपमधे घातलं अन् घरी जेवायला आणलं. मायनं भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी वाढली. गहिना तवा अंबाजोगाईला बी.एस्सी. करायलता, दिवाळीचा घरी आलता. त्यानं त्या माणसाला हात धुस्तोवर सोडलं न्हाई. पायलट म्हणला, पोरा, तुला जमंल. डॉक्टरची तपासणी पास व्हायची, एखाद्या शाळेत शिकायचं, दोनशे तास उडायचं, की लायसन मिळतंय. मायनं इचारलं, मंग नोकरी? पायलट नुसता हसला अन् म्हणला, वैनी, अजून एक भाकरी वाढा.

त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांत आमची वढ्याकाठची जमीन साठवण तलावात गेली. गावाला पाणी होईल म्हणून सगळ्यांनीच दिली. आलेले पैसे आण्णांनी गहिनाच्या शिक्षणाला लावले. भावकीत लई कुजबुज झाली. लोक म्हणले, त्रिंबक म्हातारपणी येडा झाला, जमीन गेली ती गेली अन् आता पैसा बी हवेत उडवायलाय. एकटा आमचा चुलता तेवढा आण्णांच्या बाजूनं उभा राहिला. आमचे तात्या, बबनराव.

तात्यांची ओळख करून द्यायलाच पाहिजे, कारण पुढं सगळं त्यांच्याच मायेनं झालं. तात्यांना मूलबाळ न्हाई. गहिना म्हंजे त्यांचा जीव की प्राण. गावच्या दूध सोसायटीचे ते कायमचे संचालक. दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं, तरी हे संचालकच. तात्यांचं आख्खं आयुष्य सहकारात गेलं, अन् सहकारात राहून माणूस काय शिकतो? तर कुठलंच काम पुढाऱ्याच्या शब्दाबिगर होत न्हाई, अन् कुठलंच सुख फ्लेक्स लावल्याबिगर पुरं होत न्हाई. कुणाचा वाढदिवस असो, कुणी तलाठी होवो, कुणाची पोरगी नर्सिंगला लागो, फाट्यावर तात्यांचा फ्लेक्स ठरलेला.

गहिना शिकला. लायसन घेऊन आला, तवा माय त्याला ओवाळून ओवाळून थकली. अन् मंग तो घरी बसला. थोडाथोडका न्हाई, चार वर्षं बसला. मोठ्या कंपन्यांची दारं बंद. त्यांना पाहिजे तास. म्हंजे आतापस्तोर किती तास उडलास ते. ह्याच्याकडं शाळेतले तेवढे दोनशे. तास न्हाईत म्हणून नोकरी न्हाई, अन् नोकरी न्हाई म्हणून तास न्हाईत. ज्यांच्या बापाकडं होतं ते पोरं आणखी पैसे भरून मोठं विमान शिकले अन् लागले. आमच्याकडं आता विकायला वढ्याचं पाणी सुद्धा नव्हतं. गहिना दिवसभर लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायचा, अन् येणारा-जाणारा इचारायचा, काय बे कॅप्टन, आज विमान पंक्चर का? तो हसायचा. मला माहेरी आल्यावर ते हसणं बघवत नव्हतं.

शेवटी तात्यांनी त्याला चेअरमनकडं नेलं, अन् चेअरमननं मुंबईला साहेबांकडं. साहेब म्हंजे लई वरचे पुढारी, आमच्या जिल्ह्याचे न्हाईत, पण तवा चेअरमन त्यांच्याच पक्षात. साहेबांनी एक फोन लावला अन् गहिना भाड्यानं विमानं देणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. दोनच विमानं होती त्यांची, पंख्याची, आठ-नऊ माणसं बसतील अशी. त्यात हा छोटा पायलट, म्हंजे कॅप्टनच्या शेजारचा. गावाला ते कळणार कसं? गावानं त्या दिवशीच त्याला कॅप्टन करून टाकलं.

सुरुवातीला आमाला वाटलं, जिंकलं. मंग गहिना हळूहळू सांगायला लागला. भाड्याचं विमान म्हंजे कसं, तर साहेबांना सकाळी सातला निघायचंय म्हणून हे पाचपासून तयार. साहेब येणार दुपारी चारला. उडणं पाऊण तासाचं, अन् उतरल्यावर सभा संपस्तोर पुन्हा थांबणं. बॅगा यानंच उचलायच्या, डबे यानंच लावायचे, साहेबांच्या गळ्यातले हार शिटावर पडलेले यानंच गोळा करायचे. डायवर बी हाच, क्लीनर बी हाच. आख्खा दिवस जायचा अन् उडल्याच्या वहीत एक-दीड तास. बीडला विमान उतरायला जागा न्हाई, म्हणून संभाजीनगर न्हाई तर लातूरला उतरायचं, अन् तिथून साहेब दुसऱ्यांच्या हेलिकॉप्टरनं पुढं. गावातले लोक इचारायचे, तू कावून हेलिकॉप्टर घेऊन येत न्हाईस गावात? ते येगळं लायसन असतंय म्हणलं की म्हणायचे, म्हंजे तुला पुरतं येत न्हाई व्हय.

एकदा रक्षाबंधनाला आलता, तवा मी त्याला इचारलं, तुला पाहिजे तरी काय बाबा? तर म्हणला, "आक्का, मोठ्या कंपनीत टायमाला विमानाचं दार लागतंय. एकदा लागलं की कुणासाठी उघडत न्हाई, मंत्री असू दे न्हाई तर मंत्र्याचा बाप. मला त्या दाराच्या आत बसून विमान चालवायचंय."

बस, एवढंच पाहिजे होतं त्याला. आण्णांनी सगळी उमर दुसऱ्याच्या मर्जीवर गाडी चालवली. ह्याला टायमावर चालवायची होती. त्यासाठी पंधराशे तास पाहिजेत अन् वय पस्तिशीच्या आत पाहिजे, असा त्या कंपनीचा नियम. चार वर्षं लिंबाखाली गेलेली, त्यामुळं वय पुढं पळायलं अन् तास मागनं लंगडत यायलते.

अन् मंग तो दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस गेला, दुसऱ्या वर्षी बी गेला. ज्या तलावात आमची जमीन गेली, त्या तलावात पोरं क्रिकेट खेळायला लागली. ऊस न्हाई म्हणून कारखाना बंद. आण्णा घरी. चेअरमनची जीप शेडमधे अन् तिच्या बोनेटवर कोंबड्या. जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली, अन् त्यांच्याजवळच घरातलं एक माणूस राहायला गेलं, म्हंजे माय. दोन्ही हिरी आटल्या. बाया लांबच्या बोअरवर घागरी घेऊन नंबर लावायच्या. गावाला टँकर मंजूर व्हायचा अन् कुठं तरी अडकायचा. पण कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक मात्र जोरात झाली. ऊस न्हाई, गाळप न्हाई, तरी पॅनल होतं, जेवणावळी होत्या, अन् त्या भांडणात चेअरमननं साहेबांचा पक्ष सोडला अन् समोरच्यांत गेले. त्यांच्या मागं तात्या गेले. गहिनाला यातलं काही ठावं नव्हतं. तो आपला तिकडं साहेबांना घेऊन उडायलता.

गंमत बघा. दुष्काळ आमच्या पाठीवर, अन् त्याच्याच पायी गहिनाचे तास भराभर वाढायला लागले. साहेबांचे पाहणी दौरे सुरू झाले. आज लातूर, उद्या नांदेड, परवा मुंबई. त्यातच त्या मोठ्या कंपनीनं परीक्षा घेतली. गहिना लेखी पास झाला. मंग खऱ्या विमानासारख्या खोलीत बसवून आग लागली, इंजिन बंद पडलं, असं सगळं करून बघितलं, त्यात बी पास झाला. कंपनी म्हणली, निवड पक्की, पण पंधराशेला शंभरच्या आसपास तास कमी हायत. एप्रिल संपायच्या आत भरून या, न्हाई तर जागा दुसऱ्याची. मधे तीन महिने होते. साहेबांचे दौरे बघता शंभर तास कुठंच गेले नव्हते. पुढच्या भरतीला मात्र त्याचं वय बसणार नव्हतं.

त्यानं आण्णांना फोन केला अन् सगळं नीट सांगितलं. निवड झाली, फक्त तास भरायचेत. फोनचा आवाज मोठा होता अन् तात्या शेजारीच बसलेले. त्यांनी "निवड झाली" एवढंच धरलं अन् चप्पल घालून थेट बीड गाठलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स. मी वडगावहून यष्टीनं येत होते, मला खिडकीतनंच दिसला. केवढा म्हणाल, तर दोन खांबांवर बांधलेला. मधे गहिना, पांढरा शर्ट, हात जोडलेला. त्याच्या खांद्यावर तीन पट्टे होते, ते तात्यांनी दुकानदाराला सांगून कॅप्टनसारखे चार करून घेतलेले. मागं दोनशे माणसांचं विमान. 'आपल्या मातीचा सुपुत्र, कॅप्टन गहिनीनाथ त्रिंबकराव यांची मोठ्या विमान कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' अन् वर, जिथं देव असायला पाहिजेत तिथं, चेअरमन अन् चेअरमनचे नवे पुढारी. खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं, त्यात मधोमध तात्या. ज्या साहेबांच्या फोनवर नोकरी लागली, त्यांचा फोटो कुठंच न्हाई. तात्यांनी मुद्दाम गाळला असं न्हाई. आपल्या पॅनलचे फोटो लावायचे अन् दुसऱ्यांचे लावायचे न्हाईत, ही रीतच हाय. त्यांच्या हाताला ती सवय.

त्याच आठवड्यात साहेब चारा छावण्या बघायला त्याच रस्त्यानं गेले. त्यांच्या डायवरनं नंतर आण्णांना सांगितलं. डायवर डायवरला सांगतो. म्हणला, साहेबांनी गाडी थांबवली, काच खाली केली, पुरं वाचलं, काच वर केली. बोलले काहीच न्हाईत.

बोलले ते कंपनीशी. म्हणले, हे पोरगं माझ्या डोक्यापाशी बसतंय. मधे नुसता पडदा. मी फोनवर काय बोलतो, कुणाला काय सांगतो, सगळं ह्याच्या कानावर जातंय, अन् ह्याचं घर तर तिकडं निघालं. ह्याला माझ्या विमानात बसवू नका.

कंपनीनं नोकरीवरून काढलं न्हाई. नुसतं घरी बसवलं. एक विमान दुरुस्तीला उघडून ठेवलेलं अन् दुसरं सगळा हंगाम साहेबांचंच. मंग गहिना उडणार कशात? दुसऱ्या कंपन्यांत इचारलं, पण पायलट लोकांचं जग लई लहान हाय. सगळीकडं हेच पोचलेलं, की त्याचं राजकारण हाय. गहिनाचं अन् राजकारण! ज्याला आपल्या सरपंचाचं नाव सांगता येत न्हाई.

आण्णांना हे कळलं, तवा त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मंग मला म्हणले, "शिवकन्या, तीस वर्षं मी कान बंद ठेवले. माझ्या पोरावर कानाचा आळ आला." मी आण्णांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. साठीतला माणूस, उंबऱ्यावर बसून, टोपीनं डोळे पुसायलता.

मी तात्यांना फाडून खायला गेलते, खोटं कशाला बोलू. पण तिथं गेले तर तात्यांनीच दोन दिवस पोटात काही घातलेलं न्हाई. तात्यांची बायको, आमची कौशल्याकाकू, म्हणली, पोरी, तू आणखी बोलू नकोस, ह्यांचं बरं-वाईट होईल. मायेनं मारलेल्याला दाद कुणाकडं मागायची? मी पाणी पिऊन परत आले.

तात्या जेवले न्हाईत, पण गप्प बी बसले न्हाईत. त्यांनी चूक सुधारायचं ठरवलं. कशानं? तर दुसऱ्या फ्लेक्सनं! यात एका बाजूला साहेब अन् दुसऱ्या बाजूला चेअरमन, मधे गहिना. हात दाखवून अवलक्षण. चेअरमनच्या पोरांनी तो दुपारच्या आत फाडला, अन् साहेबांच्या लोकांनी वर कळवलं की तिकडं तुमची टिंगल चाललीय. दुष्काळात तेरावा महिना म्हणतेत, तो आमच्याकडं फाट्यावर टांगलेला होता.

गहिना मार्चमधे गावी आला. साहेबांना भेटून हात जोडावेत, एवढा एकच रस्ता राहिलता. मुंबईत त्यांचा पी.ए. दारातच अडवायचा. तेवढ्यात कळलं की साहेब परत येणार हायत, अन् ह्या येळी आमच्याच छावणीवर. तात्यांनी कुठून कुठून वशिला लावून पी.ए.च्या कानावर घातलं, की कॅप्टनचं एक काम हाय, दोन मिनिटं द्या. पी.ए. बरं म्हणला. तात्यांनी गहिनाला समोर बसवून समजावलं. पुढाऱ्याच्या एका भेटीत एकच काम मागायचं. दुसरं तोंडातनं निघालं की पहिलं मेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं न्हाई. सरळ म्हणायचं, साहेब, मला विमानावर परत घ्या. तात्यांनी ते त्याच्याकडनं दोनदा म्हणवून घेतलं. अन् स्वतः शपथ घातली की मी तिथं तोंड उघडणार न्हाई. तात्यांनी पुढाऱ्यासमोर तोंड बंद ठेवायचं म्हंजे काय, ते आमच्या गावालाच ठावं.

सगळं ठरलं होतं. फक्त गावाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ऊन असं होतं की छावणीतली जनावरं बी मान टाकून उभी. मी मायजवळ शेणकूर उचलायला थांबले होते. साहेबांच्या गाड्या यायच्या आधी गावातल्या सगळ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या. सुंदरबाई, छबुबाई, मंजुळाबाई, झाडून सगळ्या. टँकर मागायचा होता. दरवेळी मागायच्या अन् दरवेळी बघतो म्हणून गाड्या निघून जायच्या. पण ह्या येळी त्यांना गहिना दिसला. साहेबांचा पायलट! आपलाच माणूस! बायांनी त्याला धरून पुढं केलं. कॅप्टन बोलंल, आपला कॅप्टन बोलंल, असं एकीनं म्हणलं, मंग सगळ्याच म्हणायला लागल्या. तो मागं सरायचा, त्या पुढं ढकलायच्या.

साहेब उतरले. कॅमेरेवाले होते. साहेबांनी गहिनाला ओळखलं अन् हसले. मी काय खोटं सांगू, चांगलं हसले. त्यांचा राग गेलेला होता, ते मला दिसत होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "बोल कॅप्टन. पी.ए. म्हणला तुझं काहीतरी काम हाय. आज तुला न्हाई म्हणणार न्हाई."

गहिनानं तोंड उघडलं. त्याच्या मागं सुंदरबाई उभी होती. सत्तरीची बाई, नवऱ्याला लकवा, पोरगं-सून तोडीला गेलेलं. ती रोज पहाटे बोअरवर जायची अन् नंबर हुकला की परत यायची. तिनं काही केलं न्हाई. घागर खाली ठेवली अन् दोन्ही हात जोडून नुसती गहिनाच्या पाठीकडं बघत राहिली. मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मान खाली घातलेली, ओठ दाताखाली. आण्णा गोठ्याच्या खांबाला धरून उभे.

गहिना म्हणला, "साहेब, गावाला पाणी न्हाई."

साहेब लगेच म्हणले, दिलं. तिथंच अधिकाऱ्याला बोलावून सांगितलं, टँकर सुरू करा, मला पुन्हा ऐकायला यायला नको. बायांनी टाळ्या वाजवल्या. गहिना अजून काहीतरी बोलणार होता, त्याचे ओठ हलले बी. पण साहेब जनावरांकडं वळले, कॅमेरे त्यांच्या मागं गेले, अन् मंग गाड्यांची धूळ उरली. एका भेटीत एक काम, ते झालं होतं.

रात्री जेवायला बसलो. मला राहवेना. मी त्याला फाड फाड बोलले. म्हणलं, तू काय गावचा सरपंच हायस का? टँकर आज ना उद्या आला असता. तुझे तास कोण आणून देणार? तो ताटात बोट फिरवत बसलता. म्हणला, "आक्का, सुंदरमावशी मागं उभी होती. तिच्यापुढं मी कसं म्हणू, मला विमानात बसवा?"

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. आण्णा एवढंच म्हणले, बरं केलंस. अन् उठून बाहेर गेले.

नंतर त्यानं पी.ए.ला लई फोन लावले. आता काय कटकट, तुमचं काम झालं की, असं उत्तर यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत तो हा. साहेबांचा दोष म्हणावा, तर त्यांनी मागितलं ते दिलं. तात्यांचा म्हणावा, तर माया केली. सुंदरबाईनं तर एक शब्द सुद्धा काढला न्हाई. मी लई दिवस शोधले, शिव्या द्यायला माणूसच सापडंना.

तुमी म्हणाल, मंग आता काय करतो तो? आता तो दुसऱ्या राज्यात एका शाळेत पोरांना विमान शिकवतो. त्याचे पंधराशे कधीच भरले, दुप्पट झाले असतील. पण वय गेलं. त्याच्या हाताखालची पोरं मोठ्या कंपन्यांत लागतेत, अन् लागली की त्याला पेढे देतेत. तो मला फोन करून सांगतो, आक्का, आज एक लागला. आवाजात खुशी असती, खरी असती. फोन ठेवल्यावर मीच एकटी रडते.

पण टँकर आला तो दिवस सांगायचा राहिला. घोषणा करून बी तो यायला महिना लागला, एप्रिल सरता सरता आला. गहिना गावातच होता, जाणार कुठं? लोकांनी टँकर हिरीपाशी अडवला अन् नारळ कॅप्टनच्याच हातानं फुटला पाहिजे म्हणून हट्ट धरला. तो न्हाई न्हाई म्हणत होता. रामहरी कोतवालानं नारळ त्याच्या हातात कोंबला, मंग फोडला. टँकरचा पाईप हिरीत सोडला. बाया दोर घेऊन काठावर वाकल्या, बादल्यांचा एकच खडखडाट. गोंधळ नुसता. सुंदरबाईला लोकांनी पहिली घागर भरून दिली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाजूला लिंबाकडं गेला, मी मागं गेले. इंग्रजीत बोलला, मला एवढंच कळलं, नो मॅडम, अन् शेवटी थँक यू. फोन खिशात ठेवला. मी इचारलं, कोण होतं रे? म्हणला, कंपनीची बाई. तास भरले का इचारायली. न्हाई म्हणलं. म्हणली, मंग आम्ही पुढच्याला बोलावतो.

मी त्याचा हात धरला.

मायला यातलं काही ठावं नव्हतं. ती गर्दीतनं वाट काढत आली, पदर ओला, हातात काठोकाठ भरलेला तांब्या. तिचं तोंड असं फुललेलं मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. म्हणली, "पी बाबा. पहिल्यांदा तू पी. तुझ्यामुळं आलंय."

त्यानं तांब्या घेतला, तोंडाला लावला अन् उभ्या उभ्या सगळा संपवला. माय त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"गोड हाय का रे?" तिनं इचारलं.

"गोड हाय, माय," तो म्हणला.